कुजेल, पण कुठे?

मातीत जीव किती आहे हे बघण्याची एक वात्रट पण चोख पद्धत आहे. पांढरी सुती चड्डी घ्यायची, वीतभर खोल पुरायची आणि दोन महिन्यांनी उकरून काढायची. कॅनडातल्या, ब्रिटनमधल्या, ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी हा प्रयोग हौसेने केला आहे आणि निघालेल्या चिंध्यांचे फोटोही मिरवले आहेत. माती सकस असेल तर वर येतं ते कमरेचं इलॅस्टिक, त्याला लोंबणारे शिवणीचे चार दोरे आणि कापडाच्या नावाखाली थोडी जाळी. माती मेलेली असेल तर चड्डी मळलेली निघते, बाकी शाबूत. धुतली तर पुन्हा घालता येईल.

कापड तेच, दिवस तेवढेच, फरक फक्त जागेचा. तेच सुती कापड घडी घालून कोरड्या कपाटात ठेवलं तर नातवंडांपर्यंत टिकतं. इजिप्तच्या थडग्यांमधलं लिनन हजारो वर्षं राहिलं, कारण तिथे ओल नाही. डेन्मार्कमधल्या दलदलीत तर साधारण २४०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, चेहऱ्यावरच्या दाढीच्या खुंटांसकट. त्या थंड, आंबट, हवा नसलेल्या जागेत कुजवणाऱ्या जीवांचं काही चाललंच नाही. माणसाच्या कातडीपेक्षा बायोडिग्रेडेबल, म्हणजे कुजण्याजोगं, दुसरं काय असणार? तरी ती राहिली.

म्हणून पिशवीवर किंवा पेल्यावर ‘बायोडिग्रेडेबल’ एवढंच छापलेलं दिसलं की मला ते मध्येच तोडलेलं वाक्य वाटतं. कुजतं, ठीक आहे. कुठे कुजतं? किती दिवसांत? आणि कुजून शेवटी त्याचं काय होतं? या तीन प्रश्नांची उत्तरं असतील तर तो शब्द माहिती देतो. नसतील तर तो हिरव्या रंगाच्या पानाच्या चित्रासारखाच, शोभेचा.

मराठीत यासाठीची क्रियापदं चांगली वेगवेगळी आहेत. कापड विरतं, लोखंड गंजतं, मीठ विरघळतं, उन्हातली प्लास्टिकची बादली ठिसूळ होऊन तडकते आणि लाकूड कुजतं. हे सगळे नाहीसं होण्याचे प्रकार आहेत, पण कुजणं त्यात निराळं, कारण कुजण्यात कुणीतरी जेवत असतं. जिवाणू आणि बुरशी. त्यांना तोंड नाही, दात नाहीत, त्यामुळे मोठा घास गिळायची सोय नाही. ते एन्झाइम, म्हणजे विकरं, शरीराबाहेर सोडतात. ही विकरं पदार्थाच्या लांबलचक साखळ्या कापून बारीक करतात आणि मग ते तुकडे पेशीच्या आत घेतले जातात. आत गेलेल्या कार्बनचा काही भाग ऊर्जेसाठी जळून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, काही भाग त्यांच्या अंगी लागतो. जेवणारा हजर हवा, ओल हवी, ऊब हवी आणि बहुतेक वेळा हवाही हवी. यातलं एक कमी पडलं की पंगत अर्धवट उठते.

आणि साखळी कापता येईल अशी हवी. कापूस म्हणजे सेल्युलोज. ते कापणारी विकरं बुरशी आणि जिवाणू कोट्यवधी वर्षांपासून बाळगून आहेत. नेहमीच्या पातळ पिशवीचं पॉलिथिलीन बघा: कार्बनला कार्बन जोडलेला, पुन्हा कार्बन, हजारो वेळा तेच. कात्री कुठे लावायची, तर खाचच नाही. वर पाणी धरत नाही, त्यामुळे विकरं जवळही फिरकत नाहीत.

रेणूचा आकार किती निर्णायक ठरतो याचा एक जुना धडा नद्यांनी दिला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये पेट्रोलियमपासून बनलेलं एक नवं रसायन आलं. मळ छान काढायचं. पण त्याच्या रेणूची शेपटी फांद्या फुटलेली होती आणि जिवाणूंना त्या फांद्या कापता येत नव्हत्या. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर, सांडपाण्याच्या हौदांवर फेसाचे ढीग दिसू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली त्याविरुद्ध कायदा केला. अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ पर्यंत आपणहून रसायन बदललं. बदल काय, तर शेपटी सरळ केली. तेही पेट्रोलियमचंच, कामही तेच, पण सरळ शेपटी जिवाणूंना टोकापासून कुरतडत नेता आली आणि फेस ओसरला.

या गोष्टीत एक गैरसमज मोडून निघतो. कुठून आलं आणि कसं संपेल, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. ‘बायोप्लास्टिक’ या शब्दाने इथे भलताच घोळ घातला आहे, कारण तो दोन्ही अर्थांनी वापरतात. उसाच्या अल्कोहोलपासून बनवलेलं पॉलिथिलीन बाजारात आहे. मूळ वनस्पती, पण रेणू अगदी तोच, त्यामुळे ते तेलापासून बनलेल्या पिशवीइतकंच चिवट. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुधा पेट्रोलियमपासून बनतं आणि योग्य जागी व्यवस्थित कुजतं, कारण त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर नावाचे जोड आहेत. कात्रीला खाच मिळते. सिगारेटचा फिल्टर हे तिसरं उदाहरण. तो बनतो सेल्युलोजपासून, म्हणजे झाडापासून. पण कारखान्यात त्या सेल्युलोजवर ॲसिटेटचे गट चढवतात, जणू प्रत्येक कडीला टोपण घालतात. सेल्युलोज कापणाऱ्या विकरांना मग ती साखळी ओळखूच येत नाही, आणि थोटकं वर्षानुवर्षं पडून राहतात.

काही वस्तूंवर ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ असं लिहिलेलं असतं. हे साधं पॉलिथिलीनच, फक्त त्यात कोबाल्ट, मँगनीज किंवा लोह यांसारख्या धातूंचे क्षार चिमूटभर घातलेले. ऊन आणि उष्णता मिळाली की हे क्षार साखळ्या तोडायला मदत करतात, पिशवी ठिसूळ होते आणि तिचा भुगा होतो. डोळ्यांपुढून गेली. पण तो भुगा पुढे कुणी खातं का, आणि किती वर्षांत, याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी हातचलाखी आहे: उचलता येणारा कचरा न उचलता येणारा करायचा आणि त्याला निसर्गात मिसळणं म्हणायचं. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा प्लास्टिकच्या वस्तू विक्रीस आणायला बंदी घातली. ती जुलै २०२१ पासून लागू झाली.

‘कंपोस्टेबल’, म्हणजे कंपोस्ट खताच्या ढिगात कुजेल असा, हा शब्द त्या मानाने बराच प्रामाणिक आहे, कारण त्याच्यामागे जागा आणि मुदत ठरवून दिलेली चाचणी असते. युरोपात तिचं नाव ईएन १३४३२, अमेरिकेत एएसटीएम डी६४००. ही चाचणी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण लेबलाची ताकद आणि लबाडीची फट दोन्ही तिच्यातच आहेत.

प्रयोगशाळेत बरण्यांची रांग लावलेली असते. एका बरणीत नुसतं तयार कंपोस्ट. दुसरीत कंपोस्ट आणि शुद्ध सेल्युलोज, म्हणजे नक्की कुजणारा पदार्थ. तिसरीत कंपोस्ट आणि ज्याची परीक्षा घ्यायची तो पदार्थ, बहुधा दळून पूड केलेला. सगळ्या बरण्या ५८ अंश सेल्सिअसला ठेवायच्या आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेली ओलसर हवा सोडत राहायची. बाहेर येणाऱ्या हवेत किती कार्बन डायऑक्साइड आला ते मोजायचं. तो जिवाणूंचा श्वास. पहिल्या बरणीचा आकडा वजा केला की उरतो तो त्या पदार्थाच्या जेवणाचा हिशेब. सेल्युलोजची बरणी का? तिच्यातच काही घडलं नाही तर कंपोस्ट निकामी आहे, चाचणी रद्द. सहा महिन्यांच्या आत पदार्थातला ९० टक्के कार्बन वायू होऊन निघाला, किंवा सेल्युलोजच्या तुलनेत ९० टक्क्यांपर्यंत पोहोचला, तर पास. शंभर का नाही, असा प्रश्न पडेल. कारण काही कार्बन जिवाणूंच्या अंगी लागलेला असतो, तो श्वासात मोजता येत नाही.

हे झालं पुडीचं. खऱ्या वस्तूची परीक्षा वेगळी: बारा आठवडे कंपोस्टमध्ये ठेवून ते दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचं, वर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. त्या खतात बी पेरून रोपं नीट येतात का ते पाहायचं, जड धातू मोजायचे. एवढं सगळं झाल्यावर शिक्का. आणि तो शिक्काही ठरावीक जाडीपर्यंतच लागू असतो. तोच पदार्थ पातळ पिशवीच्या रूपात पास झाला म्हणून त्याचा जाड चमचा आपोआप पास होत नाही.

आता त्या ५८ अंशांकडे परत येऊ. हा आकडा हवेतून आलेला नाही. मोठ्या कंपोस्ट केंद्रात टनावारी ओला कचरा एकावर एक रचलेला असतो आणि जिवाणूंच्या श्वासानेच ढीग आतून इतका तापतो. तुमच्या परसातला किंवा गच्चीतला कंपोस्टचा पिंप तेवढा तापत नाही. लहान ढिगाची ऊब बाहेर निघून जाते. शेतातली माती तर आणखी थंड, समुद्र त्याहून थंड.

पीएलए या सगळ्यात प्रसिद्ध कुजणाऱ्या प्लास्टिकची गाडी इथेच अडते. मका किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि ते जोडून पीएलए. पारदर्शक पेले, चमचे, थ्रीडी प्रिंटरची तार, सगळीकडे दिसतं. साधारण ५५ ते ६० अंशांखाली ते काचेसारखं कडक असतं. त्या तापमानाच्या आसपास साखळ्या सैल पडतात, त्यांत पाणी शिरतं आणि पाणीच जोड तोडायला लागतं. तुकडे पुरेसे लहान झाले की मग जिवाणू जेवायला बसतात. गार मातीत किंवा समुद्रात हा पहिला टप्पाच अतिशय मंद चालतो, वर्षानुवर्षं. म्हणजे पीएलएच्या पेल्यावर ‘कंपोस्टेबल’ लिहिणं खोटं नाही. त्या शब्दाआधीचा ‘औद्योगिक केंद्रात’ हा भाग बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच, एवढंच. आणि असं केंद्र तुमच्या कचऱ्याच्या वाटेवर आहे का, हे पेल्याला माहीत नसतं.

घरी कुजणाऱ्या वस्तूंसाठी निराळा शिक्का असतो, ‘होम कंपोस्टेबल’. त्याची चाचणी २० ते ३० अंशांना होते आणि ९० टक्क्यांसाठी वर्षभराची मुदत असते. हा शिक्का जास्त कडक, तरी घराघरांतला ढीग प्रयोगशाळेतल्या बरणीसारखा वागत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या लोकांना आपापल्या कंपोस्टमध्ये अशा वस्तू टाकून बघायला सांगितलं. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, घरगुती कंपोस्टचं प्रमाणपत्र असलेल्या प्लास्टिकपैकी ६० टक्के पूर्णपणे विरलंच नव्हतं. पिंप कोरडा असेल, वर्षातून एकदाच हलवला असेल, थंडीत गोठला असेल. खरी घरं अशीच असतात.

प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ मध्ये छापलेला प्रयोग तर चड्डीच्या प्रयोगाचा थोरला भाऊ म्हणावा असा. त्यांनी पाच प्रकारच्या पिशव्या घेतल्या: एक कंपोस्टेबल, एक बायोडिग्रेडेबल म्हणवणारी, दोन ऑक्सो प्रकारच्या आणि एक साधी. काही मातीत पुरल्या, काही समुद्रात बुडवल्या, काही उघड्यावर टांगल्या. उघड्यावरच्या सगळ्यांचे नऊ महिन्यांत तुकडे पडले, साधीचेसुद्धा, कारण ते काम उन्हाचं होतं. समुद्रातली कंपोस्टेबल पिशवी तीन महिन्यांच्या आत दिसेनाशी झाली. मातीतली मात्र २७ महिन्यांनीही हजर होती, फक्त वजन घातलं की फाटत होती. आणि ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली? तीन वर्षांहून जास्त काळ मातीत आणि समुद्रात राहून वर आली तेव्हा तिच्यात खरेदीचं सामान भरून उचलता येत होतं.

बरं, या वस्तू शेवटी जातात कुठे, तर बऱ्याचदा कचऱ्याच्या डोंगरात, लँडफिलमध्ये. तिथे हवा नाही, ओल कमी, सगळं दाबून बसवलेलं. ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजे यांनी १९७३ मध्ये कचऱ्याचं पुरातत्त्व सुरू केलं आणि पुढे त्यांच्या चमूने लँडफिल प्रत्यक्ष खणून पाहिली. कित्येक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली. त्यांच्यावरच्या तारखांवरून कुठला थर कधीचा हे ठरवता येत होतं. कागद! कुजण्याच्या बाबतीत ज्याच्यावर कुणी शंका घेत नाही तो कागद. आणि तिथे जे कुजतं ते हवेविना कुजतं, म्हणजे मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. वायू गोळा करायची सोय नसेल तर लँडफिलमध्ये पुरलेली वस्तू कुजली नाही तर बरं, अशी विचित्र परिस्थिती.

म्हणूनच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ च्या मार्गदर्शिकेत साफ सांगितलं की नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणायचं असेल तर नेहमीच्या पद्धतीने टाकल्यावर वस्तू वर्षभरात पूर्ण विघटित व्हायला हवी, आणि लँडफिलमध्ये जाणाऱ्या वस्तूला तसं म्हणणं फसवं आहे. कॅलिफोर्नियाने २०१३ पासून प्लास्टिकच्या वस्तूंवर हा शब्द छापायलाच मनाई केली. फ्रान्सनेही २०२० च्या कायद्याने तो उत्पादनांवरून हटवला. शब्दावर बंदी घालायची वेळ यावी, यात तो किती राबवला गेला हे कळतं.

पुनर्वापराच्या कारखान्यात आणखी एक कटकट होते. पीएलएची बाटली आणि नेहमीची पीईटीची बाटली नजरेला सारख्याच. पाण्यात टाकून वेगळं करावं तर दोन्ही बुडतात. पण पीईटी वितळायला २५० अंशांच्या वर लागतात आणि तेवढ्या उष्णतेत पीएलए केव्हाच बिघडलेलं असतं. थोडं मिसळलं तरी पुढचा माल खराब. कंपोस्टवालेही खूश नसतात. पट्ट्यावरून येणाऱ्या कचऱ्यात कुजणारी पिशवी कुठली आणि न कुजणारी कुठली हे ओळखत बसायला कुणाला वेळ आहे? बरीच केंद्रं सगळ्याच पिशव्या बाजूला काढतात. शिवाय पीएलए कुजून मातीला फारसं काही देत नाही. त्यात नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही. जातं ते बहुतेक हवेत.

कुजणाऱ्या कागदी आणि लगद्याच्या ताटल्यांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तेल झिरपू नये म्हणून त्यांतल्या काहींवर फ्लोरिनयुक्त रसायनं, पीएफएएस, वापरली जात. ताटली कुजायची, ही रसायनं मात्र जवळजवळ अमर. उत्तर अमेरिकेत शिक्का देणाऱ्या बायोडिग्रेडेबल प्रॉडक्ट्स इन्स्टिट्यूटने २०२० पासून एकूण फ्लोरिनला दशलक्ष भागांत १०० भागांची मर्यादा घातली, तेव्हा कुठे ती फट बुजायला लागली.

साबण आणि धुण्याच्या द्रवांवरचा ‘बायोडिग्रेडेबल’ आणखी निराळा. तिथली ओईसीडी ३०१ ही चाचणी पाण्यात होते आणि तिच्या बहुतेक प्रकारांत २८ दिवसांत ६० टक्के विघटन ही पातळी धरतात. ती चांगली कसोटी आहे. पण २८ दिवस म्हणजे २८ दिवस. तो द्रव थेट ओढ्यात ओतला तर जिवाणू जेवेपर्यंत माशांच्या कल्ल्यांना तो लागतोच, आणि जेवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजनही संपवतात.

एवढं ऐकून कुजणारं प्लास्टिकच नको असं वाटेल, तर तसंही नाही. वस्तू जिथे कुजायची ती जागा आधीच ठरलेली असेल तिथे ते फार उपयोगी आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरा पिशवीसकट कंपोस्ट केंद्रात जाणार असेल तर कंपोस्टेबल पिशवी हवीच. खरकटं आणि पिशवी वेगळी करत बसावं लागत नाही. शेतात अंथरायचं आच्छादन हंगामानंतर गोळा करताना फाटतं आणि तुकडे मातीत राहतात. त्यासाठी युरोपात २०१८ साली ईएन १७०३३ हे मानक आलं. त्यात कसोटी कंपोस्टच्या ढिगात होत नाही, मातीतच होते, आणि ९० टक्क्यांसाठी दोन वर्षांची मुदत असते. जागा बदलली, तापमान बदललं, मुदत बदलली. असं असलं की शब्दाला वजन येतं. समुद्रात वापरायच्या वस्तूंसाठी पीएचए नावाच्या प्लास्टिकांच्या कुळावर भिस्त आहे. ती जिवाणू स्वतःच चरबीसारखी साठवून ठेवतात. फ्रान्समध्ये मॉरिस लेमॉइन यांनी १९२६ मध्ये त्यातली पहिली ओळखली. जिवाणूंनीच केलेला साठा असल्याने तो खाणारेही मातीत आणि समुद्रात आधीपासून आहेत.

तेव्हा लेबल हातात आलं की आधी मानकाचा आकडा शोधा. आकडा नसेल तर पुढे वाचायची गरज नाही. असेल तर तो औद्योगिक कंपोस्टचा, घरगुतीचा, मातीचा की पाण्याचा ते बघा, आणि ती जागा तुमच्या वस्तूला खरोखर मिळणार आहे का हे स्वतःला विचारा.

पीएलएच्या कुळातल्या प्लास्टिकने सगळ्यात आधी नाव कमावलं ते ऑपरेशन थिएटरमध्ये. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लापासून बनलेला, आपोआप विरणारा टाक्यांचा दोरा १९७० च्या दशकात आला. पेल्यातल्या पीएलएचा तो सख्खा नातेवाईक. शरीरात ओल कायम, तापमान ३७ अंश, त्यात महिन्यागणिक फरक नाही. म्हणून त्याच्या पाकिटातल्या माहितीपत्रकात नुसतं ‘विरणारा’ असं लिहून भागवत नाहीत. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोऱ्याची निम्मी ताकद उरेल आणि ५६ ते ७० दिवसांत तो शरीरात पूर्ण जिरेल, असं स्पष्ट लिहिलेलं असतं.